टीम मॅप दोन्ही बाजूंना खरंच सारखा कसा बनवायचा: पहिल्या रेघेपासून टेस्टिंगपर्यंत

दोन टीम समोरासमोर खेळतात अशा व्हिडिओ गेमसाठी मॅप, म्हणजे खेळायची जागा, बनवताय. अर्धा मॅप बनवला, सिलेक्ट केला, कॉपी मारली, १८० अंशांत फिरवून समोर ठेवला, झाला मॅप सिमेट्रिक. असं धरून लोक लगेच सजावटीला लागतात, आणि काही दिवसांनी खेळणारे सांगायला लागतात की निळी बाजू मिळाली की आम्ही हरतोच, आणि मॅपवाला म्हणतो अहो दोन्ही बाजू एकच आहेत, कॉपी केलीये मी. दोघांचंही खरं असतं. भिंती सारख्याच असतात, पण खेळणारा मधे किती सेकंदात पोचतो, त्याला काय दिसतं, काय ऐकू येतं, त्याची गोळी कुठून सुटते यातलं बरंच काही कॉपी-पेस्टने सारखं होत नाही.

खालचा क्रम आहे तसाच पाळा. बहुतेक गडबडी क्रम चुकल्यामुळे होतात, म्हणजे टेक्स्चर (भिंतींवर-जमिनीवर लावायची चित्रं) आधी आणि मोजमाप नंतर, मग चूक सापडली तरी एवढं सजवलेलं मोडवत नाही.

## टप्पा १: कसली सिमेट्री ते आधी ठरवा

पर्याय तीनच आहेत. मॅप मधल्या बिंदूभोवती १८० अंश फिरवायचा, किंवा मधल्या रेषेवर आरशासारखा उलटवायचा, किंवा सिमेट्री सोडून द्यायची आणि दोन्ही टीमना दोन्ही बाजू खेळायला लावायच्या. यात सरसकट चांगला असा एकही नाही, पण मधेच बदलता येत नाही म्हणून हे पहिलं.

फिरवलेल्या मॅपमध्ये लाल टीमचा डावा रस्ता म्हणजे निळ्या टीमचाही डावाच रस्ता. दोघंही आपापल्या बेसमधून बाहेर पडून मधे तोंड करून उभे राहिले तर दोघांना डावीकडे तेच आणि उजवीकडे तेच दिसतं. फक्त लालचा डावा रस्ता समोर जाऊन निळ्याच्या उजव्या बाजूत घुसतो, म्हणजे समोरासमोर येणारे रस्ते एकसारखे नसतात. टीम फोर्ट्रेस २ मधला टू-फोर्ट असा आहे, स्प्लाटूनचे मॅपही असेच असतात.

आरशातल्या मॅपमध्ये उलटं. पूल असलेला रस्ता दोघांचाही त्याच बाजूला असतो, पुलावरची टीम पुलावरच्याच टीमला भेटते, कॉलआउट (जागांची नावं घेऊन साथीदारांना सांगणं) सोपे होतात. पण लालच्या डावीकडे जे आहे ते निळ्याच्या उजवीकडे येतं आणि शूटर गेममध्ये खरी गोची इथेच होते, कारण माणूस सिमेट्रिक नसतो. टीम फोर्ट्रेस २ मध्ये रॉकेट डोळ्यांच्या मधून सुटत नाही, जरा उजवीकडून सुटतं. भिंत तुमच्या डावीकडे असेल आणि तुम्ही तिच्या कडेवरून उजवीकडे झुकलात तर रॉकेट मोकळं जातं, भिंत उजवीकडे असली की तेच रॉकेट कोपऱ्याला आपटून तुमच्याच अंगावर फुटतं. फोर्टनाइटसारख्या गेममध्ये कॅमेरा उजव्या खांद्यावर असतो, तिथे उजवीकडून डोकावणाऱ्याला समोरचा आधी दिसतो आणि स्वतःचं अंग कमी बाहेर येतं. आता असा महत्त्वाचा एक कोपरा आरशात उलटवा, एका टीमला रोज चांगला कोपरा आणि दुसरीला रोज वाईट कोपरा. शस्त्र डाव्या हातात घ्यायची सेटिंग काही गेममध्ये असते, तिच्या भरवशावर मॅप बनवू नका.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: फर्स्ट पर्सन (सगळं खेळाडूच्या डोळ्यांतून दिसतं अशा) आणि खांद्यावरच्या कॅमेऱ्याच्या गेमला फिरवलेली सिमेट्री घ्या. गोळी मधून सुटते आणि कॅमेरा डोक्यावर आहे अशा गेमला आरसा चालतो. बॉम्ब लावणं-अडवणं, गाडी ढकलणं असे मोड असतील तर सिमेट्रीच्या मागे लागूच नका, थेट टप्पा १० मधलं बाजू बदलायचं गणित वाचून मग इकडे या.

तीन टीमचा मॅप असेल तर १२० अंश फिरवावं लागतं. जुन्या ग्रिडवाल्या एडिटरमध्ये (चौकोनी जाळीवर मॅप बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ९० च्या पटीत नसलेल्या कोनात फिरवलं की भिंतींचे कोपरे ग्रिडवरून सुटतात आणि बारीक फटी पडतात, त्याची तयारी ठेवा. शिवाय दोन टीम मिळून तिसरीला धुतात ते कुठलाही मॅप थांबवू शकत नाही, ते नियमांनी बघायचं काम.

तपासा: निवडलेली सिमेट्री एका ओळीत लिहून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवा. दोघंतिघं मिळून काम करत असाल तर हे हमखास विसरलं जातं आणि एकजण फिरवतो, दुसरा उलटवतो.

## टप्पा २: एडिटर उघडायच्या आधी वेळा काढा

रस्त्याची लांबी मोजून काही हाती लागत नाही, सेकंद मोजायचे. त्यासाठी तुमच्या गेममधला पळायचा वेग पक्का माहीत पाहिजे. काउंटर-स्ट्राइकमध्ये हातात चाकू असताना माणूस सेकंदाला २५० युनिट (गेममधलं लांबीचं माप) पळतो, स्कोप न लावता एडब्ल्यूपी ही स्नायपर रायफल हातात असेल तर २००. म्हणजे २,००० युनिटच्या रस्त्याला एकाला ८ सेकंद आणि दुसऱ्याला १०. टीम फोर्ट्रेस २ मध्ये पात्रांच्या प्रकारानुसार वेग वेगळा: स्काउट ४००, सोल्जर २४०, हेवी २३०, मेडिक ३२०. एकाच रस्त्यावर प्रत्येकाची वेळ वेगळी, म्हणून तक्ता करावाच लागतो.

कागदावर फक्त एवढं काढा: स्पॉन (खेळाडू जिथून खेळ सुरू करतो ती जागा), मधला पॉइंट, त्याच्याकडे जाणारे रस्ते आणि जिथे दोन टीम पहिल्यांदा एकमेकांना दिसतील त्या जागा. प्रत्येक जागेसाठी लाल किती सेकंदात आणि निळा किती सेकंदात ते लिहा.

इथे एक चूक फार दिसते. लोक प्रत्येक टीमचा आपापला रस्ता मोजतात, लालचा डावा ८ सेकंद, निळ्याचा डावा ८ सेकंद, झालं. पण फिरवलेल्या मॅपमध्ये लालचा डावा रस्ता निळ्याच्या उजव्याला भिडतो, तर मोजायचं ते त्या दोघांचं. समजा डावा ८ सेकंदांचा आणि उजवा ८.६ चा. मग एका टोकाला लाल आधी पोचतो आणि दुसऱ्या टोकाला निळा आधी पोचतो. बेरीज सारखी आहे, हे अन्यायाचं नाही, पण ०.६ सेकंदात समोरचा कोपऱ्यावर नेम धरून तयार बसतो, तेव्हा ही गोष्ट तुम्ही मुद्दाम ठेवली पाहिजे, चुकून राहून जाता कामा नये. आणि दोन्ही टोकांना सारखंच महत्त्व पाहिजे. एका टोकाला स्नायपरची जागा आणि दुसऱ्या टोकाला नुसता जिना असेल तर तो ०.६ दोन्हीकडे सारखा नाही.

सांभाळा: उड्या मारून, रॉकेट जंप करून (पायाशी रॉकेट फोडून उंच उडून), खिडकीतून जाऊन जो शॉर्टकट मिळतो तोही मोजा. चांगले खेळाडू पहिल्याच संध्याकाळी तो शोधतात.

## टप्पा ३: अर्धाच मॅप, आणि तोही राखाडी

आता एडिटर. मॅपचा मध्य बरोबर शून्य-शून्यवर ठेवा, मग नंतरचं सगळं गणित सोपं होतं. ग्रिड मोठी ठेवा. अर्धा मॅप साध्या राखाडी ठोकळ्यांत बनवा, टेक्स्चर नको, झाडं नको, पिंपं नकोत.

जमत असेल तर अर्धा भाग वेगळ्या फाइलमध्ये ठेवून मुख्य मॅपमध्ये तो दोनदा आणा. सोर्स इंजिनच्या हॅमर एडिटरमध्ये यासाठी इन्स्टन्सची सोय आहे, युनिटीत प्रीफॅब, अनरियलमध्ये लेव्हल इन्स्टन्स. फायदा हा की दुरुस्ती एका ठिकाणी केली की दोन्हीकडे होते. हाताने कॉपी करणाऱ्यांचं काय होतं तर तिसऱ्या-चौथ्या आवृत्तीत कुठेतरी लालकडचा खोका जरा सरकवलेला असतो आणि निळ्याकडचा राहून गेलेला असतो, आणि तो खोका नेमका असा असतो की त्यावरून उडी मारून खिडकी गाठता येते.

राखाडी अवस्थेतच खेळून बघा. कंटाळवाणं दिसतं पण भिंत हलवायला अर्धं मिनिट लागतं.

## टप्पा ४: दुसरा अर्धा, आणि आकड्यांनी पडताळणी

कॉपी झाल्यावर नजरेवर विश्वास ठेवू नका. एडिटरमधून सगळ्या एंटिटींची (मॅपवर ठेवलेल्या गोष्टींची) यादी काढा, स्पॉन, औषधं, दारूगोळा, दरवाजे, ट्रिगर, सगळं, आणि कोऑर्डिनेट जुळवा. नियम सोपा:

१. फिरवलेला मॅप असेल तर लालकडच्या प्रत्येक वस्तूचा जोडीदार एक्स आणि वाय दोन्हींचं चिन्ह उलटून मिळाला पाहिजे, उंची तीच. लालचं औषध (६४०, −३८४, १२८) ला असेल तर निळ्याचं (−६४०, ३८४, १२८) ला. तोंड फिरण्याचा कोन १८० ने वाढलेला.

२. एक्स अक्षाच्या दिशेने आरसा असेल तर फक्त एक्सचं चिन्ह उलटं, वाय तोच. कोन मात्र १८० वजा जुना कोन. इथे लोक १८० वाढवतात आणि मग निळ्याचा खेळाडू स्पॉन झाल्यावर भिंतीकडे तोंड करून उभा राहतो.

३. जोडीदार न सापडलेली प्रत्येक गोष्ट एकतर बरोबर मध्यावर पाहिजे नाहीतर ती चूक आहे.

पाच-पन्नास वस्तूंसाठी छोटी स्क्रिप्ट लिहा, स्प्रेडशीटमध्येही होतं.

आरशाच्या मॅपमध्ये अजून एक भानगड. कित्येक एडिटर भिंती उलटवतात पण तयार मॉडेल उलटवत नाहीत, ती नुसती फिरवतात. एका बाजूला उघडं झाकण असलेली पेटी असेल तर झाकण चुकीच्या बाजूला येतं आणि एका टीमला मागे लपायला जागा मिळते, दुसरीला नाही. आणि जबरदस्तीने ऋण स्केल देऊन मॉडेल उलटवलं तर काही इंजिनमध्ये टक्करीचा हिशोब बिघडतो, गोळी दिसत्या कडेच्या अलीकडेच अडते.

तपासा: एकाच खेळाडूला लाल स्पॉनपासून प्रत्येक रस्ता मॅपच्या दुसऱ्या टोकापर्यंत पळवा, मग तेच निळ्याकडून. स्क्रीन रेकॉर्ड करा आणि दोन्ही व्हिडिओ शेजारी लावून बघा. कुठे पाय अडखळतो, कुठे पायरीवर उडी लागते, हे कोऑर्डिनेटच्या यादीत दिसत नाही, इथे लगेच दिसतं.

## टप्पा ५: मधला भाग स्वतः सिमेट्रिक आहे का

सगळ्यात जास्त चुका मध्यात. अर्ध्या-अर्ध्या बाजू नीट केलेल्या असतात आणि मधे शोभेसाठी एक पडकी भिंत, एक क्रेन, एक तिरका पूल टाकलेला असतो. तिरका पूल फिरवलेल्या मॅपमध्ये चालतो, आरशातल्या मॅपमध्ये चालत नाही. एकाच टीमच्या बाजूला दरवाजा असलेली खोली दोन्हीत चालत नाही.

मधल्या वस्तूची परीक्षा अशी: ती एकटी निवडा, मॅपवर जी क्रिया केली तीच तिच्यावर करा, आणि ती तशीच दिसली पाहिजे. बदलली तर काढून टाका.

दोन वेगळे उद्देश मधे असतील तर जास्त विचार लागतो. लीग ऑफ लेजेंड्समध्ये ड्रॅगन नदीच्या खालच्या अर्ध्यात आणि बॅरन वरच्या अर्ध्यात असतो, दोघंही मारले की बक्षीस देणारे राक्षस. मॅप १८० अंश फिरवला तर ड्रॅगनचा खड्डा बॅरनच्या खड्ड्यावर जाऊन बसतो, म्हणजे जमीन जवळपास सिमेट्रिक असली तरी बक्षिसं नाहीत. तिथे ते चालतं कारण सगळा खेळच त्या ओढाताणीवर रचलेला आहे, पण तुमच्या छोट्या मॅपवर एका टोकाला मोठं बक्षीस आणि दुसऱ्या टोकाला लहान ठेवलंत तर कुणाला कुठला कोपरा जवळ पडतो ते पुन्हा सेकंदांत मोजा. डोटा २ ने २०२३ च्या ७.३३ अपडेटमध्ये रोशन या तशाच राक्षसाला दोन खड्डे दिले आणि तो दिवस-रात्रीनुसार जागा बदलायला लागला. एक बक्षीस, दोन जागा, आळीपाळीने, हा मार्ग लहान मॅपवरही छान चालतो.

## टप्पा ६: स्पॉन आणि पिकअप

स्पॉनच्या खोलीत दहा जागा असतील तर सगळ्यात पुढची आणि सगळ्यात मागची यात एक-दीड सेकंदाचा फरक सहज पडतो. मग गेम त्या जागा कुठल्या क्रमाने वाटतो हे बघा. लालला पुढून मागे आणि निळ्याला मागून पुढे वाटत असेल, कॉपी केल्यावर क्रमांक उलटे लागले म्हणून असं होतं, तर पाच-पाचच्या सामन्यात एका टीमचे सगळे पुढे उभे. खेळाडू कमी असताना हे जास्त जाणवतं.

पिकअपमध्ये (मॅपवरून उचलायच्या वस्तूंत) जागेइतकीच वेळ महत्त्वाची. क्वेक लाइव्हमध्ये चिलखत २५ सेकंदांनी परत येतं आणि मेगा हेल्थ ३५ नी, चांगला खेळाडू हे डोक्यात मोजत असतो. दोन बाजूंची तीच वस्तू वेगळ्या क्षणी सुरू होत असेल, एक राउंडच्या सुरुवातीला हजर आणि दुसरी पहिल्या टायमरनंतर, तर पूर्ण सामनाभर तो फरक राहतो.

सांभाळा: बरोबर मध्यावर ठेवलेली एकच वस्तू न्याय्य वाटते, पण तिची पकडायची हद्द जमिनीच्या चढामुळे एका बाजूने आधी लागू शकते. दोन माणसं दोन स्पॉनमधून एकाच क्षणी सोडा आणि आलटून पालटून बघा कुणाला मिळते. दरवेळी एकालाच मिळत असेल तर टप्पा ९ वाचा, दोष मॅपचा नसण्याची शक्यता बरीच आहे.

## टप्पा ७: उजेड, सावली, रंग, आवाज

हा टप्पा लोक सजावट म्हणून उरकतात. मला विचाराल तर भिंतींनंतर सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो.

सूर्य घ्या. मॅप फिरवला तरी सूर्य एकच आहे, तो फिरत नाही. लालच्या पाठीमागून ऊन येत असेल तर निळ्याच्या डोळ्यात ऊन. आणि सावलीचं बघा: लाल खेळाडू कोपऱ्याच्या आड उभा आहे, ऊन त्याच्या पाठीवर, म्हणून त्याची सावली पुढे पडते आणि तो बाहेर यायच्या आधी सावली कोपऱ्याबाहेर जमिनीवर दिसते. समोरचा निळा त्याच जातीच्या कोपऱ्याआड उभा आहे, त्याची सावली मागे पडते, कुणाला दिसत नाही. भिंती एकच, जागा एकच, एकाचा पत्ता लागतो, दुसऱ्याचा नाही.

फिरवलेल्या मॅपमध्ये याला नीट उत्तर एकच, ऊन सरळ डोक्यावरून किंवा ढगाळ आकाश. आरशाच्या मॅपमध्ये जरा सूट आहे, ऊन मधल्या रेषेच्या दिशेने, म्हणजे दोन्ही टीमच्या कुशीवर पडेल असं लावलं तर दोघांना सारखं. तिरकं ऊन हवंच असेल तर खेळाडूंच्या सावल्या निदान जिथे लढाई होते तिथे बंद ठेवा.

रंगाचं साधं आहे. लालच्या बेसमध्ये लाकूड आणि तांबूस भिंती, निळ्याच्या बेसमध्ये काँक्रीट आणि थंड रंग, ही टीम फोर्ट्रेस २ ची पद्धत सगळ्यांनी उचलली आणि दिशा कळायला ती चांगलीच आहे. पण निळ्या खेळाडूला तांबूस भिंतीसमोर ओळखणं आणि लाल खेळाडूला करड्या काँक्रीटसमोर ओळखणं सारखं सोपं आहे का? भिंतीचा रंग फिका आणि मळका ठेवा, खेळाडूचा रंग भडक. स्क्रीनशॉट काढून काळा-पांढरा करा, दोन्ही टीमचे खेळाडू पार्श्वभूमीतून सारखेच उठून दिसले पाहिजेत. रंगांधळेपणाही धरा, उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरव्याचा गोंधळ सुमारे ८% लोकांना असतो, म्हणून टीमचे रंग लाल-हिरवे कधीच नको.

आवाज पटकन. लाकडी जमीन आणि लोखंडी जाळी यांचा पायांचा आवाज वेगळा असतो. एका बेसला शोभा म्हणून जाळी दिली तर त्या टीमच्या प्रत्येक पावलाची बातमी लांब जाते. चालायच्या जागी जमिनीचा प्रकार दोन्हीकडे एकच, दिसायला वेगळं टेक्स्चर लावा पण आवाज तोच ठेवा.

## टप्पा ८: कॅमेरा वरून असेल तर

कॅमेरा तिरका वरून बघत असेल आणि सगळ्यांचा एकाच दिशेला असेल तर मॅप कितीही सिमेट्रिक असो, बघणं सिमेट्रिक नसतं. तिरक्या कॅमेऱ्यात स्क्रीनच्या वरच्या अर्ध्यात जास्त जमीन मावते, खालच्या अर्ध्यात कमी, आणि त्यात खाली बटणांची पट्टी. खालून वर चढणाऱ्या टीमला पुढचं लांबपर्यंत दिसतं, वरून खाली उतरणाऱ्याला शत्रू पट्टीच्या मागून येतो. लीग ऑफ लेजेंड्समध्ये निळी खाली-डावीकडे आणि लाल वर-उजवीकडे, तिथली ही जुनी तक्रार.

उपाय तीन: एका टीमचा कॅमेरा १८० अंश फिरवा, किंवा वरच्या टीमसाठी कॅमेऱ्याचा मध्य जरा खाली सरकवा, किंवा बेस वर-खाली न ठेवता डाव्या-उजव्या टोकाला ठेवा. तिसरा सगळ्यात स्वस्त, पण तो टप्पा १ मध्येच घ्यावा लागतो.

आणि लीगचाच अजून एक धडा, तिथे वर्षानुवर्षं पहिला पिक (पात्र निवडायचा पहिला मान) निळ्या बाजूला असायचा. मग निळी बाजू जास्त जिंकली तर कारण कॅमेरा, मॅप की पिकचा क्रम हे वेगळं काढता येत नाही. तुमच्या गेममध्ये बाजूला असं काहीही चिकटलेलं असेल, पहिला पिक, पहिला बॅन (समोरच्याला एखादं पात्र घेऊ न देणं), तर टेस्टिंगपुरतं ते बाजूपासून सोडवा.

## टप्पा ९: कोड आणि सर्व्हर

मॅपवाले हे बघत नाहीत कारण आपलं काम नाही असं वाटतं, पण शिव्या मॅपलाच पडतात. सर्व्हर ६४ टिकचा, म्हणजे सेकंदाला ६४ वेळा हिशोब करणारा असेल तर एक टिक साधारण १५.६ मिलिसेकंदांची, १२८ ची असेल तर ७.८. एकाच टिकमध्ये दोन्ही टीमच्या माणसांनी एकमेकांना मारलं किंवा एकच झेंडा उचलला तर कोण आधी? कोडमध्ये खेळाडूंची यादी आधी लाल मग निळे अशी फिरत असेल तर दरवेळी लाल आधी. प्रोग्रामरला दोनच गोष्टी विचारा: त्या टिकमधलं सगळं नुकसान आधी गोळा करून मग लावलं जातं का, आणि बरोबरी झाली तर निर्णय यादीच्या क्रमाने होतो का.

टेस्टिंगच्या वेळी पिंगही (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) लिहून ठेवा. एका गावचे पाचजण एका टीममध्ये आणि लांबचे पाचजण दुसऱ्यात असतील तर तुम्ही मॅप मोजत नाही आहात, इंटरनेट मोजताय.

## टप्पा १०: खेळवून बघा आणि आकडे नीट वाचा

इथे सगळ्यात जास्त घाई होते. ४० सामने झाले, लाल २४ जिंकला, म्हणजे ६०%, झाला बोभाटा की मॅप लालला झुकलेला. थांबा. जिंकण्याच्या टक्केवारीतली चूक अंदाजे १ भागिले सामन्यांच्या संख्येचं वर्गमूळ इतकी असते. ४० सामन्यांना सुमारे १६ टक्के इकडे-तिकडे, म्हणजे खरा आकडा ४४ ते ७६ मध्ये कुठेही. १०० सामन्यांना १०, ४०० ला ५, २,५०० ला २. छोट्या मॅपला २,५०० सामने कुठून मिळणार, म्हणून पद्धत बदला.

त्याच दोन टीम तोच मॅप लागोपाठ दोनदा खेळतील, मधे बाजू बदलून. मग जोड्या बघा. दोन्ही सामने एकाच टीमने जिंकले तर ती टीम भारी होती, बाजूबद्दल त्यातून काही कळत नाही, बाजूला ठेवा. उरलेल्या जोड्यांत दोन्ही वेळा लाल बाजू जिंकली की निळी ते मोजा. समजा ३० जोड्या झाल्या, १८ मध्ये टीमच भारी होती, उरल्या १२, त्यातल्या १० मध्ये लाल बाजू. नाणं उडवून १२ पैकी १० किंवा जास्त वेळा एकच बाजू पडायची शक्यता सुमारे ४% आहे. आता मॅपकडे संशयाने बघायला हरकत नाही. ६० सामन्यांत हे कळलं, आणि टीमच्या ताकदीतला फरक मधे आला नाही.

टीमच्या ताकदीतला फरक किती गोंधळ घालतो याचा अंदाज हवा असेल तर इलो रेटिंगचं (खेळाडूंची ताकद गुणांत मोजायच्या पद्धतीचं) गणित बघा: ५० गुणांचा फरक असला की वरची टीम ५७% जिंकेल अशी अपेक्षा, १०० ला ६४%. म्हणून बाजू न बदलता खेळवलेले सामने मोजूच नका.

जिंकणं-हरणं हा एकच आकडा पुरत नाही, तो सामन्यामागे एकदाच मिळतो. हे प्रत्येक राउंडला लिहा: मधे पहिला पाय कुणाचा, पहिला मेला तो कुठे आणि कुठल्या टीमचा, पहिला पॉइंट कुणी घेतला. मेल्याच्या जागा मॅपवर ठिपक्यांनी काढा, मग अर्धा मॅप फिरवून दुसऱ्या अर्ध्यावर ठेवा. दोन्ही ढीग साधारण एकावर एक बसले पाहिजेत. एका कोपऱ्यात लालचे दाट ठिपके आणि जोडीदार कोपऱ्यात निळ्याचे विरळ असतील तर तिथे जाऊन उभे राहा, ऊन, आवाज, खोका, काहीतरी सापडतंच.

बाजू बदलायच्या मोडसाठी: काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंटमध्ये मॅप सिमेट्रिक नाहीतच, १२ राउंड एका बाजूने आणि १२ दुसऱ्या, पहिले १३ जिंकणारा विजेता (काउंटर-स्ट्राइक २ च्या आधी १५-१५ आणि १६ होते). तुमच्या मोडमध्ये तीन गोष्टी बघा. दोन्ही अर्ध्यांत राउंड सारखे पाहिजेत. बरोबरी झाली तर ओव्हरटाइममध्येही दोघांना दोन्ही बाजू मिळाल्या पाहिजेत, व्हॅलोरंट यासाठी दोनच्या फरकाने जिंकायला लावतं, एका निर्णायक राउंडवर सामना संपवला तर नाणेफेक जिंकणारा जिंकला. आणि पैसे, शस्त्रं अर्ध्यावर शून्यावर आणा. बाजू बदलल्याने सामना न्याय्य होतो पण एक बाजू ७०% जिंकत असेल तर अर्धा वेळ मार खाण्यात जातो, म्हणून अशा मॅपलाही बाजूंचा फरक कमी करतच राहावं लागतं. आणि हा आकडा नवख्या आणि मुरलेल्या खेळाडूंसाठी वेगवेगळा काढा, नवख्यांना एकत्र हल्ला जमत नाही म्हणून अडवणारी बाजू उगाच भारी दिसते.

## टप्पा ११: दुरुस्ती

दोष सापडला की क्रम असा: आधी कोड आणि स्पॉनचा क्रम, मग ऊन-आवाज, मग वेळा, आणि भिंती शेवटी. भिंत हलवली की वेळा, नजरेचे टप्पे, सगळंच बदलतं आणि आधीचे आकडे फुकट जातात.

एका आवृत्तीत एकच बदल. दोन बदल एकदम केले आणि आकडा सुधारला तर कशामुळे ते कळणार नाही, आणि कधी एक बदल सुधारणा करत असतो आणि दुसरा बिघाड. प्रत्येक बदल दोन्ही अर्ध्यांत एकदमच करा, फक्त हरणाऱ्या बाजूला खोका देऊन भरपाई करायचा मोह होतो, तो टाळा, कारण मग टप्पा ४ ची पडताळणी कायमची बंद पडते आणि पुढची चूक शोधायला आधार राहत नाही. बाजूला फरक सापडलाय म्हणजे कुठेतरी सिमेट्री मोडलेली आहे, ती जागा शोधा.

मॅपच्या नावात आवृत्तीचा क्रमांक टाका आणि सामन्यांच्या तक्त्यात तो रकाना ठेवा, तिसऱ्या आवृत्तीचे सामने चौथीच्या आकड्यात मिसळले की जोड्यांचं सगळं गणित पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.